नळाचे फासे आणि हातातला मोबाइल : खेळात गुंगण्याचा एक इतिहास



आजचा विषय आहे व्हिडिओ गेममधलं 'इमर्शन'. म्हणजे खेळणारा खेळात पूर्ण गुंगून जातो, ती अवस्था. गेम तयार करणारी मंडळी आज या एका गोष्टीच्या मागे आहेत, आणि घरोघरचे आईवडील नेमके तिलाच घाबरलेले आहेत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या सत्तरीपलीकडच्या माणसाने यावर काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण हा प्रश्न आमच्याच घरातला आहे. समोर दिसतंय ते खरं नाही हे ठाऊक असूनही माणूस रडतो कसा, दचकतो कसा, याचा काथ्याकूट आपल्याकडे हजार-बाराशे वर्षं चालू आहे.

आधी शब्दाकडे बघू. इमर्शन हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ पाण्यात बुडणं किंवा बुडवणं. मराठीत मात्र याला दोन शब्द आहेत, आणि त्यांच्यात फार मोठा फरक आहे. एक 'बुडी मारणं' आणि दुसरा 'बुडणं'. आपल्या वाशिमच्या पद्मतीर्थाच्या काठी वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. बुडी मारणारा पाण्याखाली गेला की काठावरचे आवाज बंद होतात, अंग हलकं होतं, वेळ वेगळी वाटायला लागते. पण त्याने श्वास धरून ठेवलेला असतो. वर यायचं आहे हे त्याचं डोकं विसरलं तरी छाती विसरत नाही. बुडणाऱ्याचं तसं नसतं. काठावरून बघणाऱ्याला मात्र पहिले काही क्षण दोन्ही सारखेच दिसतात. आजच्या आईवडिलांची अडचण हीच आहे. पोरगं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलंय, हाक मारली तर ओ देत नाही. त्याने बुडी मारली आहे की ते बुडतंय?

आता मी तुम्हाला फार मागे नेतो. खेळात गुंगलेल्या माणसाचं आपल्या वाङ्मयातलं एक जुनं आणि अतिशय बारकाईचं वर्णन महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि त्या गोष्टीत ज्या बाईने सगळं सोसलं ती आपल्या विदर्भाची लेक होती. दमयंती. कुंडिनपूरच्या भीमराजाची मुलगी; आजचं कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. ही गोष्ट बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात. द्यूतात सर्वस्व गमावून वनात आलेल्या माणसाला, द्यूतात सर्वस्व गमावलेल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट. व्यासांचं हे एक वैशिष्ट्य आहे, औषध देताना रोग्याची तोंडओळख ते आधी करून देतात.

नळराजा आपल्या भावाशी, पुष्कराशी, फासे खेळायला बसतो. खेळ एका रात्रीत संपत नाही, कित्येक महिने चालतो. नगरातले लोक आणि मंत्री राजवाड्याच्या दाराशी येतात. दमयंती डोळ्यांत पाणी आणून सांगते, लोक आले आहेत, एकदा भेटा. नळ तिच्याशी बोलत नाही. ती पुन्हा सांगते, तो पुन्हा गप्प. आपल्याकडच्या कोणत्याही आईला हे दृश्य ओळखीचं वाटेल! दमयंती हुशार बाई. ती वार्ष्णेय नावाच्या सारथ्याला बोलावते आणि दोन्ही मुलांना रथात बसवून माहेरी, कुंडिनपूरला, पाठवून देते. घर वाचत नाही हे दिसल्यावर तिने आधी मुलं वाचवली.

आता इथे व्यासांनी एक शब्द वापरला आहे. नळ गप्प का? तर तो 'आविष्ट' होता. कली त्याच्या अंगात शिरला होता आणि द्वापर फाशांत शिरून बसला होता. आपण हे पुराणातलं म्हणून सोडून देतो. जरा थांबून बघा. एरवी खेळात, नाटकात, गोष्टीत आपण गुंगतो तेव्हा आपण दुसऱ्यात शिरतो. नळाच्या बाबतीत उलट झालं, दुसरा त्याच्यात शिरला. पहिली अवस्था तल्लीनतेची, दुसरी आवेशाची. आणि फाशांतही कोणी तरी बसलं होतं, म्हणजे खेळाचं साधनच निष्पाप राहिलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मला त्याकडे परत यायचं आहे.

तरीही नळ पुरता बुडला नव्हता. सगळं हरल्यावर पुष्कर म्हणतो, आता दमयंती पणाला लाव. युधिष्ठिराने अशाच वेळी द्रौपदी लावली. नळाने नाही लावली. काही न बोलता त्याने अंगावरचे दागिने उतरवले आणि एका वस्त्रानिशी तो बाहेर पडला. कली अंगात असूनही छातीने थोडा श्वास धरून ठेवला होता, असं मी म्हणतो.

हा झाला खेळ. आता बघणाऱ्याचं गुंगणं. त्यासाठीही आपल्याला विदर्भाबाहेर जावं लागत नाही. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशिममध्येच, आणि या गावाला त्याने मदनाचं खेळायचं ठिकाण म्हटलं आहे. (वाशिमकरांनी हे अधूनमधून आठवायला हरकत नाही.) पण मला बोलायचं आहे ते भवभूतीबद्दल. आठव्या शतकातला हा नाटककार विदर्भातल्या पद्मपूरचा, वा. वि. मिराशींनी ते गाव गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळ दाखवलं. त्याच्या 'उत्तररामचरित'ची सुरुवातही गुंगण्याने होते आणि शेवटही.

पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण चित्रं बघताहेत. त्यांच्याच आयुष्याची चित्रं. शूर्पणखेचं चित्र येतं आणि सीता घाबरते. आता रामाची ताटातूट होणार असं तिला वाटतं. राम तिला समजावतो की अगं, हे चित्र आहे. आणि पुढच्या काही चित्रांत खुद्द रामाचेच डोळे भरून येतात! समजावणाराही त्याच पाण्यात. चित्रं बघून सीतेला पुन्हा त्या वनात जावंसं वाटतं, आणि तिची तीच इच्छा पुढे तिच्या त्यागाला निमित्त होते. सातव्या अंकात तर नाटकातलं नाटक आहे. वाल्मीकींनी रचलेलं, अप्सरांनी सादर केलेलं. राम प्रेक्षकांत बसला आहे, समोर टाकलेल्या सीतेचं दुःख दाखवताहेत, आणि राम भान विसरून तिला हाका मारायला लागतो. लक्ष्मण त्याला सांगतो, हे नाटक आहे.

भवभूतीने प्रेक्षकाची सगळी दुर्दशा इथे एका माणसात दाखवली. रामाला सगळं दिसतंय, सगळं कळतंय, आणि काहीही करता येत नाही. तो उठून मंचावर गेला तर सीता मिळणार नाही, नाटक मात्र मोडेल. हजारो वर्षं प्रेक्षक या अटीवर बसत आला: तुला रडता येईल, हात लावता येणार नाही. व्हिडिओ गेमने नवीन काय केलं असेल तर ते इथे. त्याने रामाला मंचावर जायला परवानगी दिली. पण ते पुढे.

रामाला त्या वेळी नेमकं कसलं ज्ञान होतं? काश्मीरच्या शंकुकाने यावर एक उदाहरण दिलं, ते आमच्या वर्गात मुलांना फार आवडायचं. चित्रातला घोडा. भिंतीवर घोडा काढलेला आहे. आपण म्हणतो, 'हा घोडा'. हे खरं ज्ञान आहे का? नाही, त्याच्यावर बसता येत नाही. मग चुकीचं आहे का? तसंही नाही, आपण फसलेलो नाही. 'घोडा असेल की नसेल' असा संशय आहे का? नाही. 'घोड्यासारखं काही तरी' असं म्हणतो का? तेही नाही, आपण सरळ घोडाच म्हणतो. म्हणजे खरं, खोटं, संशय आणि सारखेपणा या चारही खणांत न बसणारं हे वेगळंच जाणणं आहे. शंकुकाचा ग्रंथ आज मिळत नाही, अभिनवगुप्ताने त्याचं म्हणणं खोडण्यासाठी मांडून ठेवलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. इंग्रज कवी कोलरिजने 1817 साली म्हटलं की वाचक आपला अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवतो. छान आहे, पण मला शंकुक जास्त पटतो. कोलरिजचा वाचक काही तरी बाजूला ठेवतो. शंकुकाचा प्रेक्षक काहीच बाजूला ठेवत नाही, त्याच्याजवळ जास्तीचं काही तरी आहे.

आणि हेच मराठीत सगळ्यात नेमकं कोणी सांगितलं असेल तर न. चिं. केळकरांनी. 1921 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. योगशास्त्रातला शब्द त्यांनी वाङ्मयाला आणून लावला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, ही समाधी. पण आपली स्वतःची भूमिका सोडत नाही, हा विकल्प. दोन्ही एकाच वेळी. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि वाङ्मयाचा सगळा आनंद एवढ्यात मावतो का हा आक्षेप मलाही मान्य आहे. पण व्हिडिओ गेमसाठी मला शंभर वर्षांत याहून चांगला शब्द दिसलेला नाही. केळकरांना गेम ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी चपखल बसतो.

मधल्या काळातली दोन-तीन दृश्यं भराभर सांगतो. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' झालं, तिथून ती पौराणिक नाटकं गावोगाव गेली. त्यात राक्षस आरडाओरडा करत यायचे, लोक त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हसायचे, आणि तरी पोरं घाबरायचीच. 1917 साली फाळक्यांचा 'लंकादहन' आला. राम आणि सीता दोन्ही कामं साळुंके या एकाच नटाने केली होती. पडद्यावर राम दिसला की लोक हात जोडायचे, काही साष्टांग नमस्कार घालायचे. शिकलेले लोक याला अडाणीपणा म्हणत. मला तसं वाटत नाही. दगडाची मूर्ती दगडाची आहे हे माहीत असूनच आपण तिला नमस्कार करतो, तिथे आपण फसलेले नसतो. आणि आपला कीर्तनकार बघा. नेपथ्य नाही, दिवे नाहीत, खांद्यावरचं एक उपरणं. तेच घोड्याचा लगाम होतं, तेच तान्हं बाळ होतं. चारशे माणसांना ते बाळ दिसतं.

म्हणून 'गेममधलं चित्र हुबेहूब झालं, त्यामुळे मुलं गुंगतात' हे म्हणणं मला अपुरं वाटतं. व्हिडिओ गेमचा इतिहासही तेच सांगतो. 1962 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' केला तेव्हा पडद्यावर काय होतं? दोन छोटी याने आणि मधे एक तारा. 1984 साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोवने 'टेट्रिस' केला, त्यात तर जगच नाही, वरून पडणारे तुकडे नीट बसवायचे एवढंच. तरी लोक तासन्‌तास बसले. मग 1993 साली 'डूम' आला आणि खेळणाऱ्याला पात्राच्या डोळ्यांतून बघायला लावलं, पात्र आता पडद्यावर नाही, पडद्याच्या अलीकडे, आपल्याच खुर्चीत. हा मोठा पालट होता. पण त्यानंतर जगभर गाजलेला खेळ कोणता? 'माइनक्राफ्ट', 2011 साली पूर्ण झालेला. आणि त्यात सगळं ठोकळ्यांचं! झाड ठोकळ्यांचं, गाय ठोकळ्यांची, सूर्यही चौकोनी.

मला माझ्या नातवाने त्यात नेलं. विषय माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, बाबा, न खेळता बोलणं बरं नाही. त्या जगातला दिवस वीस मिनिटांचा, त्यातली निम्मी वेळ उजेडाची. मी माती खणत होतो, नातू म्हणाला, आबा, सूर्य मावळतोय, घर बांधा. मी चार भिंती उभ्या करत असताना मागून 'स्स्स' असा आवाज आला. मी खुर्चीत पाय वर घेतले. आता हे लक्षात घ्या. मला माहीत होतं की हे ठोकळे आहेत. मी एक क्षणही फसलो नव्हतो. आणि पाय वर घेणाराही मीच होतो.

मग गुंगवतं काय? अभिनवगुप्ताने हा प्रश्न उलटा विचारला होता. रस कशाने येतो असं विचारत बसण्यापेक्षा, तो कशाने अडतो ते बघा. त्याने सात विघ्नं सांगितली. सगळी आज सांगत नाही, तीन घेतो. पहिलं, समोरचं संभवनीयच न वाटणं. गेममध्ये याचा अर्थ चित्र खरं वाटणं असा नाही, नियम इमानदार असणं असा आहे. कुऱ्हाडीने एक झाड तुटतं आणि शेजारचं तसलंच झाड तुटत नाही, की समाधी मोडली. दुसरं, स्पष्ट न दिसणं, न कळणं. बटण दाबल्यावर हात क्षणभर उशिरा हलला, नेट अडखळलं, की आपण बाहेर. तिसरं फार खोल आहे: स्वतःच्या सुखदुःखाच्या तावडीत सापडणं. ज्याच्या डोक्यात घरचं कर्ज फिरतंय त्याला समोरचं नाटक दिसत नाही. 'माझं' काही तरी गुंतलं की रस आटतो. अभिनवगुप्त काय सांगतोय ते बघा. खऱ्या तल्लीनतेत माणूस स्वतःच्या नफ्यातोट्यापासून थोडा सुटलेला असतो. खेळातला विजय हवा असतो, पण तो खिशात टाकायला नको असतो.

इथून मला गेमच्या नव्या गोष्टीकडे जाता येतं. रामाला मंचावर जायची मुभा मिळाली, म्हणजे काय झालं? प्रेक्षकाला हात मिळाले. 1938 साली हॉइझिंगा या डच इतिहासकाराने खेळाचं रिंगण जगापासून वेगळं असतं, आत वेगळे नियम चालतात असं म्हटलं, ते ठीकच. पण त्या रिंगणात गोष्ट आणि हात एकत्र आले ते ठळकपणे व्हिडिओ गेममध्ये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी 2020 साली 'राजी' नावाचा गेम काढला. राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला शोधते. मधे मधे कथा छायाबाहुल्यांतून सांगितली जाते. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या, त्याची आठवण होते. पण पिंगुळीच्या बाहुल्यांपुढे बसलेलं पोर सीतेसाठी फक्त रडू शकतं. 'राजी' खेळणारं पोर हरलं तर भाऊ सुटत नाही. दुःखाबरोबर जबाबदारी आली. कलेच्या इतिहासात हे लहान नाही. ज्या मुलाला वर्गात कोणी काही विचारत नाही, शेतात ज्याच्या हातात काही नाही, त्याला इथे कोणी तरी म्हणतं, तुझ्यावाचून हे अडलंय. गावातली पोरं चौघं मिळून बीजीएमआय खेळतात, कानाला हेडफोन लावून एकमेकांना ओरडून सांगतात, 'मागून येऊन राहिला, पळ!' त्यात बंदूक आहे हे मला आवडत नाही. पण त्यात सोबत आहे, हे मला नाकारता येत नाही.

तर मग आईवडील उगाच घाबरतात का? नाही. आता फाशांकडे परत येऊ, मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

आजचा फुकट मिळणारा मोबाइल गेम उघडा. वरवर एक खेळ आहे: उडी मार, लप, नेम धर. त्याच्या आत दुसरा एक खेळ बसवलेला असतो. एक पेटी असते. पैसे टाका किंवा कमावलेली नाणी टाका, पेटी उघडेल, आत काय निघेल ते नशिबावर. इंग्रजीत हिला लूट बॉक्स म्हणतात. मी म्हणेन, हे फासे आहेत, नुसता डबा बदलला. बेल्जियमने 2018 साली अशा काही पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. शिवाय रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, आणि रात्री अकराला मोबाइल वाजतो की तुमची भेट वाट बघतेय. तळं कधी कोणाच्या घरी येऊन हाक मारत नसे, हे मारतं. यात मूल खेळात शिरत नाही, खेळ मुलात शिरतो. व्यासांचा शब्द आठवा. आणि अभिनवगुप्ताचं तिसरं विघ्न आठवा, कारण इथे 'माझं' गुंतलं. माझी नाणी, माझी साखळी, माझे पैसे. रस तिथेच आटला, आणि बसणं मात्र सुरूच राहिलं. पोरगं तासाने उठतं तेव्हा त्याचा चेहरा बघा. बुडी मारून आलेल्याचा चेहरा ताजा असतो. हा तसा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली खेळण्याच्या विकाराला आपल्या रोगांच्या यादीत मान्यता दिली. त्याची लक्षणं मी नीट वाचली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी खेळच येणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. त्यात 'फार तल्लीन होतो' हे लक्षण कुठेही नाही. कारण तल्लीनता हा रोग नव्हे. ताबा जाणं हा रोग. 'हाकेला ओ देत नाही' एवढ्यावरून निदान करू नये. पुस्तकात डोकं घातलेलं पोरगंही ओ देत नाही, आणि तेव्हा आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो.

सरकारने काय केलं? 2 सप्टेंबर 2020 ला पबजी बंद झाला, सुरक्षेच्या कारणाने. पोरांचा जीव कासावीस झाला. पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, 2022 ला पुन्हा गेला, 2023 ला पुन्हा आला. या येण्याजाण्यात खेळाच्या स्वरूपाचा कुणी विचार केला असं मला दिसलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात मात्र एक रेघ ओढली आहे: पैसे लावून खेळायचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता. म्हणजे तल्लीनता एकीकडे, फासे दुसरीकडे. रेघ बरोबर दिशेने आहे असं माझं मत आहे. पेटीतल्या फाशांचा प्रश्न तिने सुटत नाही, कारण ती पेटी स्वतःला जुगार म्हणवून घेत नाही. चीनने 2021 साली अठराच्या आतल्या मुलांना शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी एकेक तास ठरवून दिला. तिथे घड्याळ मोजलं, खेळ नाही मोजला. तासभर पेटी उघडणं आणि तासभर 'माइनक्राफ्ट'मध्ये घर बांधणं त्या घड्याळाला सारखंच.

मग नळ बरा कसा झाला? इथे महाभारत फार सुंदर आहे. रूप पालटून, बाहुक नाव घेऊन, तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. दोघे विदर्भाकडे रथातून निघाले. वाटेत एक बेहड्याचं झाड लागलं. आपल्या रानातला तोच बेहडा; जुन्या काळी फासे म्हणून त्याचीच फळं वापरत. ऋतुपर्णाने धावत्या रथातून झाडाची पानं आणि फळं मोजून सांगितली. नळाला पटेना. त्याने रथ थांबवला, झाड पाडलं, मोजलं, आणि आकडा बरोबर निघाला. त्याने ती विद्या मागितली. ऋतुपर्णाने त्याला 'अक्षहृदय' दिलं, फाशांचं काळीज. बदल्यात नळाने घोड्यांची विद्या देऊ केली. आणि ज्या क्षणी नळाला फाशांचं काळीज कळलं, त्या क्षणी कली विष ओकत त्याच्या अंगातून बाहेर पडला आणि त्या बेहड्यात शिरला. कुणी नळाचे फासे हिसकावून घेतले नव्हते, कोंडूनही घातलं नव्हतं. त्याला मोजायला शिकवलं.

आणि पुढे बृहदश्वांनी तीच विद्या युधिष्ठिराला दिली. गोष्ट सांगून झाल्यावर.

हे आज करता येतं का? करता येतं. नातवाला मी त्याच्या एका गेममधली पेटी दाखवायला सांगितली. आम्ही कागद-पेन्सिल घेतली. किती वेळा उघडली, हवी ती वस्तू किती वेळा निघाली, तोपर्यंत किती नाणी गेली, तेवढी नाणी विकत घ्यायची तर किती रुपये. गणित चौथीचं. शाळेत संभाव्यता शिकवतात ती फासा आणि नाणेफेकीवर. पेटीवर शिकवली तर वर्ग जागा राहील. त्याने नंतर तो गेम सोडला नाही. पेटीकडे मात्र तो आता तमासगिरासारखा बघतो. सविकल्प समाधीतला विकल्प त्याला परत मिळाला, एवढं मी म्हणेन.

वेळ होत आलीय. समोरून एक चिठ्ठी आली आहे, एका शिक्षिकाबाईंची. त्या विचारतात, 'सर, नळाचं सांगितलंत, पण दमयंतीने एवढा काळ फक्त वाट बघितली का?'

नाही हो. दमयंतीने तर सगळ्यांवर कडी केली. बाहुक म्हणजे नळच असावा असा तिला संशय आला, तेव्हा तिने अयोध्येला निरोप धाडला की उद्या दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे. स्वयंवर वगैरे काही नव्हतं! एका दिवसात एवढं अंतर रथ पळवू शकणारा एकच माणूस तिला माहीत होता. म्हणजे तिनेही एक खेळ मांडला, आणि त्यात नळाला ओढून आणलं. ऋतुपर्ण आणि बाहुक ज्या रथातून निघाले होते तो त्याचसाठी. कुंडिनपूरला पोचल्यावर ऋतुपर्ण बघतो तर मांडव नाही, राजे नाहीत. दमयंतीने आपल्या केशिनी नावाच्या दासीला बाहुकावर नजर ठेवायला पाठवलं. तो बोलतो कसा, चूल पेटवतो कशी. मग त्याने रांधलेलं थोडं मांस मागवून घेतलं. ते तिने चाखलं, आणि तिला कळलं. मग तिने दोन्ही मुलांना त्याच्याकडे पाठवलं.